धुतलेला डबा

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात माझं वजन चारचौघींत मोठ्यानं वाचलं गेलं आणि तिथून सगळा बिघाड झाला. नव्या मुलींची आरोग्य तपासणी होती. काट्यावर एकेकीनं चढायचं, टेबलाशी बसलेल्या बाईंनी आकडा ओरडायचा, पलीकडच्या बाईंनी लिहून घ्यायचा. माझ्या पुढच्या दोघी बेचाळीस आणि पंचेचाळीस. मी चढले. "अडुसष्ट!" बाई अशा ओरडल्या की जणू मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोतं तोललं. मागून आवाज आला, "आल्या बाई पैलवान!" आणि सगळी रांग हसली. मीही हसले. हसू नये तर काय करावं? पण कान असे तापले की दुपारपर्यंत निवले नाहीत.

वालूरकडच्या आमच्या गावात याच अंगाचं कौतुक व्हायचं. "हाडापेरानं मजबूत हाय पोरगी," असं बायका म्हणायच्या. पाण्याच्या दोन घागरी मी एका खेपेत आणायची, कापसाचं गाठोडं एकटीनं उचलायची. मी जाडी आहे हे मला अठरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. परभणीनं आठ दिवसांत सांगितलं.

कॉलेजला पाठवताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती. "शिक. पाहिजे तेवढं शिक. पण तब्येतीची तक्रार आली, की त्या दिवशी बोचकं बांधून घरी. परक्या गावात पोरगी आजारी पडली म्हंजी लोक काय काय बोलत्यात, ते आमाला ऐकायचं न्हाई." घरी म्हणजे पुढं काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती. माझ्याबरोबर दहावीला असलेल्या चौघींची लग्नं झालेली होती.

आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. माझी जोडीदारीण पोलीस भरतीची तयारी करायची. उंच, काटक, गालफडं बसलेली. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते पार उन्हाळ्यात परत यायचे. बाकीच्या दिवसांतही तिच्या गावाहून परभणीला सरळ गाडी नव्हती, म्हणून तिला घरचा डबा नव्हता. ती एकदा खिचडी टाकायची आणि तीच दोन वेळा खायची.

माझा डबा मात्र रोज यायचा. आमच्याकडं खेड्यातल्या पोरांचे डबे एसटीनं येतात. पहिली गाडी फाट्यावर थांबली की बाया आपापले डबे आत देतात, कंडक्टर ते ड्रायव्हरशेजारी रचून ठेवतो, आणि परभणीच्या स्टँडवर आम्ही आपला डबा ओळखून उचलायचा. दुपारच्या गाडीनं रिकामा डबा परत. माझी माय चारला उठायची, भाकरी थापायची, आणि डबा पिशवीत घालून फाट्यावर जाऊन उभी राहायची. पावसात, थंडीत, कधी चुकली नाही. मी जेवले की नाही हे तिला कळायचं एकच साधन होतं, परत आलेला डबा. धुतलेला, रिकामा डबा हातात आला की पोरीचं पोट भरलं. फोन होता की, पण फोनवर कुणीही काहीही सांगतं, असं तिचं म्हणणं. डबा कसा खोटं बोलेल?

वजनकाट्याच्या त्या दिवसानंतर मी मोबाईलवर बारीक होण्याचे व्हिडिओ बघायला लागले. एक गोरी बाई सांगायची, भाकरी-पोळी बंद करा, सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी काकडी, रात्री सूप. सूप! आमच्या खोलीत एक पातेलं आणि एक कढई. तीच बाई पुढच्या वर्षी ज्वारी खा, ज्वारीसारखं धान्य नाही, म्हणून सांगायला लागली. मला ती समोर भेटली असती तर मी तिला तिथल्या तिथं सांगितलं असतं काय ते. पण तेव्हा मात्र तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

आता डब्याचं काय करायचं? टाकून द्यायची तर छाती होईना. "खाऊन माजावं, टाकून माजू नये," हे लहानपणापासून डोक्यात ठोकलेलं. मी डबा जोडीदारणीपुढं सरकवला. "माझं पोट बिघडलंय, तू खाऊन घे." पहिल्या दिवशी तिनं आढेवेढे घेतले. दुसऱ्या दिवशी कमी घेतले. आठवड्याभरात आमचं ठरूनच गेलं. ती जेवायची, मी काकडी चावत तिच्याकडं बघायची, आणि मग डबा घासूनपुसून, रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून आत चिमूटभर साखर टाकून, दुपारच्या गाडीत ठेवून यायची.

तिकडं माय हरखली. दोन भाकरींच्या तीन झाल्या, तीनच्या चार. पिठल्यावर तेलाची धार आली, लोण्याचा गोळा आला, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डबीत आली. फाट्यावर ती बायकांना सांगायची, "आमची चार भाकरी खायलीय माय! परभणीचं पाणीच लागलं तिला." मला फोनवर हे सांगताना तिचा आवाज असा फुलायचा की मी नुसतं "हूं, हूं" करायची. लाज वाटायची का? वाटायची. पण कमरेला सलवार सैल होत चालली होती आणि वर्गातली एक जण "किती छान झालीस गं" म्हणाली होती. त्या एका वाक्यापुढं मायच्या चार भाकरी मला हलक्या वाटल्या. आज हे लिहिताना स्वतःचाच राग येतो.

सकाळी मी जोडीदारणीबरोबर पळायलाही जायची, पिंगळीच्या रस्त्याला. ती पुढं, मी मागं. दोन महिन्यांत ती माझ्या मायच्या जेवणावर अशी काही तयार झाली की तिचा दम बघून तिथं पळायला येणारी पोरंसुद्धा बाजूला सरायची. आणि मी? जिना चढताना छाती धडधडायची, केस मुठीनं गळायचे, वर्गात फळ्यावरची अक्षरं तरंगायची. मला वाटायचं, हेच ते बारीक होणं. कष्टाशिवाय काय मिळतं?

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस घरी गेले. मायनं वाढलं ते सगळ्यांसमोर खाल्लं आणि पोटात कळा आल्या. "सणाचं जड झालं असंल," माय म्हणाली. सुट्टीहून परतले आणि पंधरा दिवसांनी रस्त्यावर पडले. पळता पळता समोरची झाडं काळी झाली, एवढंच आठवतं. जोडीदारणीनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि घाबरून अण्णांना फोन केला. दुपारी अण्णा आणि माय दोघंही आले, तशी जोडीदारीण खोलीवर गेली. मायच्या नखांत अजून कापसाच्या बोंडांचा चुरा होता, वेचणी टाकून आली होती.

डॉक्टर म्हणाले, "हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन आहे. बारा पाहिजे. ही मुलगी जेवते काय?"

अण्णांचा आवाज चढला. "जेवते काय म्हंजी? चार भाकरी खाते सायेब! घरनं डबा येतोय रोज. इचारा हिच्या मायला."

"चार," माय म्हणाली. "लोणी लावून. डबा धुऊन येतोय माघारी, एक कण ऱ्हात न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी चादरीकडं बघितलं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला अण्णांची अट दिसत होती. आजारी पडले हे एक, आणि वर मायचं अन्न दुसऱ्याला घालून उपाशी राहिले हे दुसरं. त्याच संध्याकाळी बोचकं बांधावं लागलं असतं. मी गप्प बसले.

डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "एवढं खाऊन रक्त कमी असेल तर मग ते जातंय कुठं, हे शोधावं लागेल. आणखी तपासण्या करू. गोळ्या सुरू करा, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू."

झालं. मायचा चेहरा पांढरा पडला. तिची थोरली बहीण म्हणे अशीच खात होती आणि वाळत होती, आणि एका उन्हाळ्यात गेली. खाल्लेलं अंगाला लागत नाही याचा मायच्या लेखी एकच अर्थ होता. ती दवाखान्यात रडली नाही, मला जवळ घेतलं नाही, नुसती माझं मनगट धरून बसली. अण्णांनी बाहेर जाऊन बिडी ओढली आणि येऊन सांगितलं, "दोन महिने. रक्त भरलं तर ऱ्हा. न्हाई भरलं तर खोली सोडायची."

तपासण्यांत काही निघालं नाही. निघणार काय, कप्पाळ? मी डब्यातलं खायला लागले, पण तीन महिने काकडीवर काढलेलं पोट एका भाकरीतच भरायचं. गोळ्यांनी मळमळायचं. उरलेलं पहिल्यासारखं जोडीदारणीकडं जायचं आणि डबा पहिल्यासारखाच लख्ख धुऊन परत. म्हणजे अजूनही मी अर्धं खोटंच पाठवत होते.

तीन आठवड्यांनी रविवारी घरी गेले. दार उघडायला माय आली आणि मी एकदम ओळखलंच नाही. डोळे खोल, ब्लाउज खांद्यावरून उतरलेला. जेवायला बसलो. अण्णांच्या ताटात भाकरी, माझ्या ताटात भाकरी, आणि मायच्या ताटात रेशनच्या तांदळाचा भात, तोही दोन घास. आमच्याकडं भात म्हणजे जेवण नव्हे. सणावाराला भाकरी झाल्यावर वर चवीपुरता घेतात तो भात. भाकरी खाल्ली नाही तर माणूस उपाशीच.

"माय, भाकर घे की."

"नगं. दात दुखायलेत."

अण्णा खाली बघून म्हणाले, "दात कशाचे दुखत्यात! नवस बोललीय ती. तुझं रक्त बारा झाल्याबिगर भाकर खायाची न्हाई म्हणून. देवीम्होरं बोलून बसलीय. समद्यांनी सांगून बघितलं."

माझ्या तोंडातला घास तिथंच थांबला.

दुपारी ती वेचणीला निघाली, मी मागं मागं गेले. कमरेला ओटी बांधून ती कापसाच्या ओळीनं चालली होती, पण दर चार झाडांमागं थांबायची. एका ठिकाणी ती मटकन खाली बसली आणि डोकं धरलं. मी धावले. तिला पाणी पाजलं, आणि मग तिथंच, तिच्यासमोर मातीत बसून, सगळं सांगून टाकलं. वजनकाटा, पैलवान, व्हिडिओतली बाई, काकडी, डबा कोण खात होतं, सगळं. रडत रडत सांगितलं, काही चांगल्या शब्दांत सांगितलं नाही.

मायनं पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. मग विचारलं, "त्या पोरीची माय कुठं असतीय?"

"ऊस तोडायला गेलीय."

"पोट भरत हुतं का तिचं?"

"हो."

"बरं झालं." एवढं बोलून ती उठली, ओटीतला मूठभर कापूस काढून असा जोरात पोत्यात हाणला की मी दचकले. आणि मग तिचा बांध फुटला. "चार वाजता उठत हुते मी! हात भाजले तरी म्हणायची, पोरगी खायलीय, पोरगी खायलीय! लोकाला सांगत फिरले! अगं, तुला नको हुती तर एका शब्दानं सांगायचं हुतंस, ‘माय, एकच भाकर धाड’ म्हणून. मी काय तुझ्या उरावर बसून खाऊ घालणार हुते का? मला वाटलं तू चाललीस. माझ्या बहिणीवाणी चाललीस. रात रात डोळ्याला डोळा न्हाई माझ्या!"

मी तिचे पाय धरले. ते तिनं सोडवून घेतले.

"आता तरी नवस सोड," मी म्हणाले. "मला काही रोग नाही. मी खाल्लं नव्हतं म्हणून झालं. आता खाते."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की एवढी शिकलेली पोरगी आणि साधं कसं कळत नाही. "देवीला म्या रक्ताचं बोललेय. तू खाल्लंस का न्हाई खाल्लंस, ते कुठं बोललेय? बोललेलं माघारी घेता येतंय व्हय?"

"तू पडशील माय."

"मग खा की बाई. भर रक्त. तुझ्याच हातात हाय."

हे ती रागानं म्हणाली, पण त्यात तसूभरही खोटं नव्हतं. तिच्या तोंडची भाकरी आता माझ्या हातात होती. अण्णांना मात्र तिनं काही सांगितलं नाही. "त्यांच्या कानावर गेलं तर आजच तुझं कॉलेज संपतंय. ते मी बघते," एवढंच म्हणाली. निघताना फाट्यावर मला बजावलं, "उद्यापसनं डबा दोघींचा ईल. त्या पोरीला म्हणावं, चोरून खाऊ नको, हक्कानं खा. आन् डबा धुवायचा न्हाई. खरकटा पाठवायचा. मी बघीन."

जोडीदारणीला मी खोलीवर येऊन नवसाचं सांगितलं. ती हातातला घास ताटात ठेवून भिंतीकडं तोंड करून बसली. दोन दिवस तिनं डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मीच चिडले, "तूही उपाशी मर, म्हणजे तिघींचं बरोबर होईल!" तेव्हा कुठं जेवली. पुढं तीच माझ्यावर पहारा ठेवायला लागली. हातात गोळी ठेवून लिंबू पिळलेलं पाणी द्यायची, भाकरीबरोबर शेपू, पालक, गूळ-शेंगदाणे, भिजवलेली मटकी, जे स्वस्तात मिळेल ते समोर ठेवायची. मी खात होते. भूक लागून नाही, भीतीनं. रोज प्रत्येक घासाला वाटायचं, हा इकडं जातोय आणि तिकडं ती भाताचे दोन घास खाऊन वेचणीला जायलीय.

दोन महिने झाले तेव्हा नुकतीच संक्रांत झाली होती. माय सकाळच्या गाडीनं डब्याबरोबर स्वतःच आली. अण्णांना म्हणाली होती, मी बघून येते. मी आणि माय लॅबमध्ये जाऊन तपासणीला रक्त देऊन आलो आणि कागद मिळेपर्यंत स्टँडवरच्या बाकड्यावर बसलो. तिच्या हाताच्या शिरा दिसत होत्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी काही विचारलं तर "हां, न्हाई" एवढंच बोलायची, बोलायलासुद्धा दम पुरत नव्हता. तिला बाकड्यावर बसवून दुपारी मी एकटीच कागद आणायला गेले.

नऊ पॉइंट आठ.

लॅबच्या पायरीवर उभी राहून मी तो आकडा चार वेळा वाचला. वाढलं होतं. पण बारा नव्हतं. मायला इंग्रजी वाचता येत नाही. बारा झालं म्हणायचा अवकाश, तिनं तिथंच पिशवीतली बाजरीची भाकरी काढून तोंडात घातली असती. रिक्षावाले ओरडत होते, माणसं धक्के देत होती, आणि मी कागद घट्ट धरून उभी. एक शब्द. एका शब्दानं ती जेवली असती. मी ज्या खोट्यानं तिला उपाशी ठेवलं, तसल्याच खोट्यानं तिला खाऊ घालायचं? मनात म्हटलं, घाल की! कुणाचं काय जातंय? स्टँडपर्यंत येता येता मी "बारा झालं" हे वाक्य मनात तयारही केलं.

ती बाकड्यावर तशीच बसली होती. मला बघून उभी राहायला गेली आणि बाकड्याला धरून परत बसली.

"किती?"

"नऊ पॉइंट आठ," मी म्हणाले.

"म्हंजी बारा न्हाई."

"न्हाई."

तिनं मान हलवली. मला वाटलं आता म्हणेल, चल घरी, बोचकं बांध. पण ती म्हणाली, "पहिलं सात हुतं न्हाई का? मग चढलंय की. तुझ्या अण्णाला मी सांगते, पोरगी खायलीय म्हणून. ऱ्हाऊ द्या म्हणते."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

"ऐकत्यात. मी डोळ्यानं बघून आलेय म्हणल्यावर ऐकत्यात." मग तिनं पिशवीतून डबा काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि झाकण उघडलं. तीळ लावलेल्या बाजरीच्या तीन भाकऱ्या, वर लोणी, बाजूला वांग्या-पावट्याची भाजी. "खा. माझ्यासमोर खा."

"तू अर्धी तरी घे माय. कोण बघतंय इथं?"

"खा म्हणलं ना."

मी खायला लागले. भर दुपारी, भर स्टँडवर, दोन महिने भाकरीला शिवली नव्हती अशा बाईच्या शेजारी बसून. ती माझ्या हाताकडं बघत नव्हती, डब्याकडंही बघत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती, घास खाली उतरतो की नाही ते. मी घास चावला की तिचाही गळा हलायचा. एक भाकरी संपली. दुसरी संपली. तिसरी तिनं स्वतः मोडली, लोणी लावलं, आणि बोटांना लागलेलं लोणी चाटायचं सोडून पदराला पुसलं.

"ही बी घे," ती म्हणाली.

मी घेतली.